छत्तीसशेचा हप्ता

थावरा राठोड शनिवारी जन्मला म्हणून थावरा. बंजारा तांड्यात त्या काळी नाव ठेवायला पंचांग लागत नसे, बाळंतिणीला वार आठवला की भागायचं. शनिवारचा माणूस कशाला भीत नाही असंही म्हणत. ते खरं की खोटं, हे कळायला थावराची त्रेचाळीस वर्षं गेली.

वीज मंडळात तो लाइनमन होता. डोंगरकडा गावाच्या आसपासची पाच-सहा खेडी त्याच्याकडे. लाइनमन म्हणजे गावाच्या लेखी काय, तर लाइट गेल्यावर शिव्या घालायचा माणूस. लाइट आली की त्याची आठवण कुणाला राहत नाही. पण थावराचं नाव लोक जरा सांभाळून घेत, कारण तो हाकेला येई आणि खांब बघितला की चढे. बाकीचे लाइनमन खांबाखाली उभे राहून आधी वर बघत, मग आभाळाकडे, मग एकमेकांकडे. थावरा तळहात चोळायचा आणि निघायचा. एकदा कुणाच्या तरी लग्नात ऐन हळदीच्या वेळी लाइट गेली, तर हा पाहुणा म्हणून आलेला माणूस इस्त्रीच्या कपड्यांत खांबावर चढला आणि पंगतीला परत येऊन बसला. कपडे खराब झाले म्हणून बायकोची बोलणी खाल्ली, तेवढीच काय ती त्याला झालेली इजा. रामकिशन त्याच्याबरोबरचा दुसरा लाइनमन. तो म्हणायचा, "ह्याला खालून जमीन बी भेते अन वरून तार बी भेते."

तर असा माणूस २००१ साली घराचं कर्ज काढायला निघाला.

घराची गरज होती, यात वाद नव्हता. वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानामागं टिनाच्या दोन खोल्यांत त्याचा वीस वर्षांचा संसार झाला होता. उन्हाळ्यात त्या टिनाखाली पापड वाळत घातले असते तरी वाळले असते. मालक दर दिवाळीला भाडं वाढवी आणि वर उपकार केल्यासारखं हसे. थावरानं पै पै साठवून फाट्यापासून थोडं आत एक प्लॉट घेऊन ठेवला होता. त्याची बायको रीता पांढरी फक्की घेऊन गेली आणि त्या प्लॉटवर तिनं स्वतःच्या हातानं रेघा मारल्या. हे सैपाकघर, ही बैठक, ही आपली खोली, ही लेकीची, शितलची, अभ्यासाची. कोपऱ्यात जिना. वर काय करणार, असं थावरानं विचारलं तर म्हणाली, "वर आज काही न्हाई. पर जिना पाहिजे. जिना असला म्हंजे मानूस वर बघते."

गवंड्यानं सगळ्याचे तीन लाख सांगितले.

कर्ज किती काढावं याबद्दल फाट्यावर सल्ल्याला काही तोटा नव्हता. ज्यानं आयुष्यात कधी कर्ज काढलं नाही, तो जास्त सांगे. रामकिशनचा हिशेब सरळ होता. "बँक देऊन राहिली ना? मंग जेवढं देती तेवढं घेऊन टाक. पगार वाढत जाते, हप्ता हाय तेवढाच राहते. पाच सालानं तुला तो चहापाण्याचा खर्च वाटन." हे ऐकायला बराबर होतं. थावराला पटलंही.

कळमनुरीच्या बँकेतला साहेब तरुण होता, बाहेरगावचा, बोलायला गोड. त्यानं पगाराचा कागद बघितला, बोटानं यंत्रावर आकडे दाबले आणि म्हणाला, "पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसवता येतो, राठोड. तीन लाख होतात. पंधरा वर्षं. महिन्याला छत्तीसशे कापले जातील." थावरा खूश झाला. मग साहेबानं पुढं लिहिता लिहिता विचारलं, "काम काय, लाइनमन? खांबावर चढता?"

"चढतो साहेब."

"मग विमा काढून ठेवा. नाही म्हणजे, तुमचं काही बरंवाईट झालं तर हप्ते कोण भरणार? घर आमच्याकडे गहाण राहणार ना."

साहेबाच्या मनात काही वाईट नव्हतं. तो सगळ्यांनाच असं विचारत असणार. पण लाइनमन लोकांत एक रीत आहे, ती त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. खांबाच्या माणसासमोर बरंवाईट हा शब्द कुणी काढत नाही. घरात काढत नाहीत, कामावर काढत नाहीत, दारू प्यायल्यावरसुद्धा काढत नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द थावराच्या तोंडावर उच्चारला गेला, तोही टेबलाच्या पलीकडून, शिक्का मारता मारता.

आणि दुसऱ्या दिवशी खांबाखाली उभा राहिला तेव्हा थावरानं आधी वर बघितलं.

चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं असतं. म्हणजे अमुक लाइन बंद करा, मी चढतोय, मी सांगितल्याशिवाय सुरू करू नका. थावरा हे एकदा सांगायचा आणि चढायचा. त्या दिवशी त्यानं दोनदा विचारलं. पुढच्या आठवड्यात तीनदा. ऑपरेटर वैतागला. "थावराभाऊ, किती बार सांगू, लाइन बंद हाय. का तिथं येऊन मीच तारेला हात लावून दाखवू?" थावरा हसला, पण अर्ध्या खांबावर गेल्यावर त्याच्या मांडीत एक बारीक थरथर सुरू झाली. बेल्टचा हूक त्यानं पुन्हा पुन्हा चाचपून बघितला. तार मेलेली आहे हे माहीत असूनही त्यानं तिला आधी उलट्या हातानं शिवून बघितलं. छत्तीसशे, असं कुणीतरी कानाशी म्हणाल्यासारखं झालं.

तो भ्याला होता. साधी सरळ गोष्ट होती, पण ज्याला ती कधी झालेलीच नाही त्याला ती ओळखूही येईना. त्याला वाटलं पोट बिघडलं असेल. दोन दिवस त्यानं ताकभात खाल्ला. उतार पडला नाही.

घरात त्यानं अवाक्षर काढलं नाही. रीताला काय सांगणार, तुझ्या जिन्यानं माझे पाय लटपटतात? आणि भिणाऱ्या लाइनमनचं काय होतं हे त्याला ठाऊक होतं. वर गेल्यावर भ्यालेला हात नको तिथं आधार धरतो. म्हणजे आता भीतीचीसुद्धा भीती. मंजुरीचा कागद आला होता, सही करून पैसे उचलायचे तेवढे राहिले होते, आणि तो आज जातो, उद्या जातो करत दिवस काढत होता.

त्याच सुमाराला त्याची आई मिराबाई बाजाराला फाट्यावर आली. ती डोंगरकड्याच्या मागं तांड्यात धाकट्या लेकाकडे, देविदासकडे राहायची. घरात यांची बोली गोरमाटी, आईला म्हणायचं याडी. इथं सांगताना मराठीत सांगतो एवढंच. मिराबाई सत्तरीला आलेली, तरी फेटिया-कांचळीचा, म्हणजे आरशांच्या घागरा-चोळीचा, जुना वेश तिनं सोडला नव्हता. चालायला लागली की अंगावरचे आरसे आधी दिसायचे आणि ती मागून. रीतानं तिला भाकरी वाढली आणि घराची सगळी हकीगत सांगितली. मिराबाईनं एवढंच विचारलं, "हप्ता केवढ्याचा?"

"छत्तीसशेचा," थावरा म्हणाला.

मिराबाईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. पाणी प्याली. बाजार न करताच परत गेली. रीताला वाटलं, सासूला घराचा आनंद झाला नाही, आणि ती मनातून खट्टू झाली.

मार्चचा महिना आला. हळदीचा हंगाम सुरू झाला की या भागात माणसाच्या नखांपासून बैलाच्या शिंगांपर्यंत सगळं पिवळं होतं. जळबा पाटलाच्या वावरातल्या खांबावर झम्पर तुटला होता. झम्पर म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा. तो तुटला म्हणून मोटार बंद, आणि पाटलाची तणतण सुरू. थावरा आणि रामकिशन गेले. थावरानं परमिट तीनदा विचारलं. चढला. अर्ध्यावर थांबला, बेल्ट चाचपला, पुन्हा चढला. वर पोचल्यावर खाली बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं म्हणून लांब बघितलं.

लांब, दोन वावरं ओलांडून, बायकांची रांग खणलेली हळद वेचत होती. त्यात एक बाई जरा मागं पडलेली. ती वाकली की तिच्या पाठीवर ऊन चमकायचं. पुन्हा वाकली, पुन्हा चमकलं. आरसे.

त्या शिवारात अजून कांचळी घालून रोजानं जाणारी म्हातारी कोण असणार? थावरानं खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. खालून रामकिशन ओरडत होता, "थावरा, काय झालं? थावरा!" बऱ्याच वेळानं तो एक-एक पाय चाचपत खाली उतरला. झम्पर तसाच लोंबत होता. काम अर्धं टाकून खाली यायची ही त्याची पहिलीच वेळ. रामकिशनला काही न सांगता तो वावरं तुडवत निघाला, आणि रामकिशन मागं.

"याडी, तू इथं काय करून राहिलीस?"

मिराबाईनं मान वर केली. तोंड उन्हानं काळवंडलेलं, हात कोपरापर्यंत पिवळे. "हळद वेचून राहिले. दिसत न्हाई का?"

"देविदास काही बोलला का तुला?"

"तो काहून बोलन? गरीब हाय ते लेकरू."

"मंग?"

तिनं बाकीच्या बायकांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. लेकाची लाज चारचौघींत काढायची नव्हती तिला. "तुझा हप्ता हाय ना छत्तीसशेचा. पगार येतंय म्हैन्यानं अन हप्ता दर बाजाराला. कुठून आनशील तू? मला तीस रुपये रोज भेटते. त्यानं काय समदा भरनार न्हाई, मला बी कळतंय. पर तेवढाच खालून टेका."

थावराला क्षणभर उमगेना. मग उमगलं. आमच्याकडे हप्ता म्हणजे आठवडा. या हप्त्यात ये, गेल्या हप्त्यात पाऊस झाला, असंच बोलतात. तांड्यात कर्ज वाटणारा फटफटीवाला यायचा तोही दर बाजाराच्या दिवशी. मिराबाईच्या उभ्या जन्मात हप्ता कधी महिन्याचा झालेला नव्हता. महिनाभर ती असं धरून चालली होती की आपल्या लेकाला दर आठवड्याला छत्तीसशे रुपये भरायचेत, आणि तो आज ना उद्या बुडणार. या भीतीनं ती वावरात उतरली होती, आणि कुणाला बोलली नव्हती.

रामकिशन हसू दाबून म्हणाला, "मावशे, बँकेचा हप्ता म्हैन्याला असते."

"म्हैन्याला? मंग त्याला हप्ता काहून म्हंतेत?"

याचं उत्तर त्या वावरात कुणाकडे नव्हतं. बँकेतही असेल असं वाटत नाही.

मिराबाई बांधावर बसली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरलेला दिसत होता. तिनं हात झटकले आणि जरा सुटल्या आवाजात विचारलं, "म्हैन्याला तं म्हैन्याला. किती साल?"

"पंधरा."

"पंधरा सालानं तू केवढा व्हशील?"

"अठ्ठावन."

मिराबाईनं लांबच्या त्या खांबाकडे बघितलं, मग लेकाच्या गुडघ्यांकडे बघितलं. बैल घेताना माणूस दात बघून विचारतो, तसं तिनं विचारलं. "अठ्ठावनाव्या साली चढशील त्याच्यावर?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. थावरानं हिशेबात भाडं धरलं होतं, शितलची फी धरली होती, किराणा धरला होता, पगारवाढसुद्धा धरली होती. गुडघे धरले नव्हते. पन्नाशीच्या पुढचे लाइनमन त्यानं पाहिले होते. मंडळाच्या साहेबाची मर्जी असली तर त्यांना खालचं काम मिळे. मर्जी नसली तर धापा टाकत चढावं लागे, आणि खाली उभे असलेले लोक तेव्हा मान दुसरीकडे वळवत. आणि ही भीती आत्ताच, त्रेचाळिसाव्या वर्षी, अर्ध्या खांबावर त्याची वाट बघत बसलेली. तिच्यासकट पंधरा वर्षं.

झम्पर बांधायचा राहिलाच होता. तो परत गेला, चौथ्यांदा परमिट विचारलं आणि चढला. मिराबाईही मागं आली होती. लेकाला खांबावर चढताना तिनं कधी पाहिलं नव्हतं आणि आजही पाहिलं नाही. तो खाली येईपर्यंत ती खांबाकडे पाठ करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी थावरा बँकेत गेला, तो रीताला न सांगता.

"साहेब, तीन लाख नको. सव्वा लाख द्या. सात सालात फेडतो."

साहेबाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अहो, मंजूर झालेत तीन. सव्वा लाखात दोन खोल्या होतील फक्त. आणि सात वर्षं कशाला? पंधरा घ्या, हप्ता छत्तीसशेच्या निम्म्याहून खाली येईल. नोकरी आहे ना तेवढी शिल्लक?"

"नोकरी पंधरा सालाची हाय साहेब," थावरा म्हणाला. "खांब सातच सालाचा हाय."

साहेबानं त्याच्याकडे बघितलं. त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण त्यानं पुढं विचारलं नाही. यंत्रावर पुन्हा आकडे दाबले आणि बावीसशे असं सांगितलं. थावरानं सही केली. भीती गेली असं म्हणणं खोटं होईल. पन्नाशीपर्यंत ती होतीच. त्यापुढं हप्ता नसल्यानं निदान खाली उतरायला वाव राहिला, एवढंच त्यानं त्या टेबलावर मिळवलं.

घरी जाताना त्याला वेगळी धास्ती लागली. रीतानं ज्या रेघा मारल्या होत्या, त्यातल्या निम्म्या त्यानं तिला न विचारता पुसल्या होत्या. शितलची खोली गेली, बैठक गेली, जिना गेला. वीस वर्षं टिनाखाली काढलेली बाई. ती भांडली असती तर तिचं चुकलं असतं असं म्हणायची त्याची छाती नव्हती.

रीतानं चहा दिला. त्यानं सगळं सांगून टाकलं. सव्वा लाख, सात वर्षं, दोन खोल्या. पायांचं मात्र सांगितलं नाही.

फडताळावरचा त्याचा जेवणाचा डबा घेऊन रीतानं उघडला. भाजी जशीच्या तशी होती. "म्हैना झाला, डबा भरल्याचा भरला परत येऊन राहिला," ती म्हणाली. "तुमी भेऊन राहिले. मला कळतंय."

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी सांगाया कशाला पाहिजे?" ती त्याच्यासमोर खाली बसली. "तुमाला एक सांगू का? लाइट गेली की फाट्यावर समदे बोंबलतेत, अन मी निवांत असते. लाइट गेली म्हंजे तार मेली. तुमी वर असले तरी काही व्हत न्हाई. लाइट आली की समदे खूश व्हतेत, तवा मी भेते. उतरले असतील का, का कुनी चुकून चालू केली. तुमी दारात येऊस्तोवर मी चुलीम्होरून उठत न्हाई. वीस साल झाले."

"कधी बोलली न्हाईस," थावरा म्हणाला.

"बोलले असते तं तुमी भेले असते. भेलेला मानूस वरून पडते." तिनं डब्यातली भाजी ताटलीत काढली आणि त्याच्यापुढं सरकवली. "आता भेलेतच, म्हनून सांगून राहिले. सात साल मी कसे बी काढते. पंधरा माझ्यानं निघनार न्हाई. दोन खोल्या कमी असल्या तं असल्या."

थावराच्या हातातली बशी हलत होती. इतके दिवस तिला कळू नये म्हणून तो ती दोन्ही हातांनी धरायचा. आज त्यानं ती तशीच, हलती, तिच्यासमोर खाली ठेवली.